निनियनची आडवी बाटली

बाटली आडवी ठेवावी, असं निनियन गिलख्रिस्टनं पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक चांगलं जाडजूड, कातडी बांधणीचं होतं. त्याचा दोष एवढाच, की ते द्राक्षांच्या दारूविषयी होतं. व्हिस्कीची बाटली उभी ठेवायची असते, नाहीतर आतला कडक माल हळूहळू बूच खाऊन टाकतो, हे बेटावरचं कुठलंही शेंबडं पोर सांगू शकलं असतं. पण निनियननं कुणाला विचारलं नाही. त्याला विचारायचा संकोच वाटे. आधी संकोच आला की आधी पुस्तकं आली, हे त्याचं त्यालाही आता आठवत नव्हतं.

त्यामुळे कार्नाव्हेग भट्टीची शेवटची बाटली त्याच्या घरात एक्केचाळीस वर्षं विश्वकोशाच्या खंडांमागे पाठ टेकून पडली होती. अधूनमधून निनियन आठवा खंड जरासा बाजूला करी, झोपलेल्या बाळाला बघावं तसं तिला बघे आणि खंड परत सरकवून ठेवी.

शेवटची म्हणजे खरोखरच शेवटची. १९८३ साली भट्टी बंद झाली तेव्हा कंपनीनं प्रत्येक कामगाराला एकवीस वर्षं मुरलेल्या मालाची एकेक बाटली हातात ठेवली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. बाकीच्यांच्या बाटल्या नववर्ष उजाडेपर्यंत संपल्या. निनियन त्या भट्टीच्या वखारीचा कारकून होता. त्यानं ठरवलं, ही योग्य प्रसंगी उघडायची. आता प्रसंग योग्य आहे की नाही, याचा निर्णय त्याच्यासारख्या माणसाच्या हाती असूच नये. मुलीच्या लग्नाला पाहुणे फार होते. नातीच्या बाप्तिस्म्याला पाद्री दारू न पिणारा निघाला. पुढे तो फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर कामाला लागला आणि तिथून निवृत्त झाला, त्या दिवशी गाडीत तो एकटाच होता. एकट्यानं बूच काढणं त्याला चोरीसारखं वाटलं.

आणि मग एप्रिलमध्ये मोठ्या हेक्टरचं पत्र आलं.

मोठा हेक्टर मॅकनिव्हन म्हणजे कार्नाव्हेगचा मुख्य भट्टीवाला. भट्टी बंद झाल्यावर तो न्यूझीलंडला गेला तो गेलाच. पत्रात अक्षरं मोठी आणि थरथरती होती. "निनियन, नव्वदी गाठली. डॉक्टर म्हणतो, लांबचा प्रवास एकच उरलाय, तो जपून वापर. मुलगी मला घेऊन येतेय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारच्या बोटीनं उतरेन. माझ्या वाट्याची बाटली मी तेव्हा तिकिटासाठी विकली, चाखलीसुद्धा नाही. माझ्या हातचा माल, पण हक्कानं मिळालेला मी आयुष्यात एक थेंब प्यायलो नाही रे. तुझ्याकडं अजून आहे असं कळलं. एक घोट देशील? शिवाय तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती पत्रात मावत नाही."

निनियननं तीन कच्चे खर्डे करून उत्तर लिहिलं, "घोट राखून ठेवला आहे. खात्री बाळगावी." खात्री बाळगावी असं त्यानं आजवर कुणालाही लिहिलं नव्हतं. ते लिहून तो दोन दिवस जरा ताठ चालत होता.

हेक्टर यायच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, त्यानं बाटली पुसायला बाहेर काढली.

आठवा खंड ओढला तेव्हाच शंका यायला हवी होती. खंडाला धुराचा, खजुराचा आणि ओहोटीच्या किनाऱ्याचा वास येत होता. 'हायड्रॉलिक'पासून 'जपान'पर्यंतची पानं तपकिरी होऊन एकमेकांना चिकटली होती. निनियननं बाटली उचलून उभी केली, फडक्यानं मान पुसली, आणि बूच एखाद्या भिजलेल्या बिस्किटासारखं बोटाखाली बसलं.

"एफी!" तो ओरडला. घरात ओरडायची ही त्याची बहुधा तिसरी वेळ. "एफी, बूच गेलं!"

"कुठं गेलं?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोनं विचारलं.

"आत."

"मग गेलं कुठं? घरातच आहे की."

एफी हात पुसत बाहेर आली, तिनं बाटली उजेडात धरली. पाचवा हिस्सा विश्वकोशानं पिऊन टाकला होता. उरलेल्यात बुचाचे कण तरंगत होते.

"इतकी वर्षं पुस्तकांना पाजलीस," ती म्हणाली, "आणि मला मात्र दर नाताळात शेरी."

आता इथं बेटाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. बंद बाटली घरमालकाची असते. उघडी बाटली घराची असते, म्हणजे त्या घरात जो कुणी पाय ठेवील त्याची. आलेल्याला एक पेला द्यायचा, आणि तो उठला की दारात उभ्या उभ्या आणखी एक, त्याला दाराचा घोट म्हणतात. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर निनियननं त्यात एखादा अपवाद शोधला असता. पण एका मॅक्लीननं पाहुण्याला दाराचा घोट दिला नाही ही गोष्ट बेटावर अजून सांगतात, आणि तो मॅक्लीन गलबतं शिडावर चालत तेव्हा मेला.

"बूच आण," एफी म्हणाली. "दुकानात जा. आणि कशासाठी हवंय ते बोलू नकोस."

दुकान आणि टपाल दोन्ही एकाच खोलीत होतं आणि दोन्हींच्या मागं बेथूनबाई उभ्या असत.

"एक बूच हवं होतं," निनियन पुटपुटला.

"कशाला?"

"असंच."

बेथूनबाईंनी चष्मा वर केला. "निनियन कारकून, चाळीस वर्षांत तुम्ही माझ्या दुकानातून असंच काही नेलेलं नाही. टाचण्या नेता तेव्हा किती कागदांसाठी तेही सांगता. केवढ्या बाटलीचं बूच?"

निनियननं बोटांनी माप दाखवलं. ती त्याची दुसरी चूक. कार्नाव्हेगच्या बाटलीची मान इतर बाटल्यांपेक्षा बारीक होती, आणि बेथूनबाईंचा नवरा त्याच भट्टीत होता.

"अगं बाई," बेथूनबाई हळूच म्हणाल्या. "उघडली?"

निनियन घरी पोचेपर्यंत डुगल्ड त्याच्या फाटकाशी उभा होता. डुगल्ड मॅकफेल बोटीच्या धक्क्यावर दोर बांधायच्या कामाला होता, आता नुसताच धक्क्यावर असे. बेटावर कुणी कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही. अंडी नसली तर मासळी, मासळी नसली तर सल्ला. डुगल्ड सल्ला घेऊन आला होता.

"ऐकलं मी," तो टोपी काढत म्हणाला. "वाईट झालं. पण घाबरू नकोस. बुचाचे कण गाळून घ्यायचे. एफीचा पायमोजा आहे का? नवा नको, धुतलेला."

"माझा पायमोजा माझ्या पायात आहे," एफी आतून म्हणाली.

"मग मलमल. पण त्याआधी एक बघायला हवं. बुचानं माल नासवलाय का? नासला असेल तर गाळून काय उपयोग?" डुगल्ड खुर्चीवर बसला आणि बाटलीकडं डॉक्टरच्या नजरेनं बघू लागला. "आता हे कळायचं कसं?"

हे कळायचा मार्ग एकच होता, आणि तो निनियनलाही माहीत होता. त्यानं पेला काढला. डुगल्डनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"काय?" निनियननं धास्तावून विचारलं.

"पहिल्या घोटात कळत नाही," डुगल्ड म्हणाला.

दुसऱ्यात कळलं, की नासलेली नाही. मग तो उठला, आणि दारात दाराचा घोट झाला. तो निघून जातो न जातो तोच बेथूनबाई बुचांची बरणी आणि चहाची गाळणी घेऊन हजर. डुगल्डचा सल्ला त्यांनी मोडीतच काढला. "मलमल? धागे सुटतात. कण बसू द्यावेत तळाशी, आणि वरचं अलगद ओतून घ्यावं. दाखवते." ओतून घ्यायला दुसरी बाटली हवी, दुसरी बाटली आधी कोरडी आहे की नाही हे बघायला हवं, कोरडी नसेल तर पाणी मिसळेल, पाणी मिसळलं की नाही हे बघायला पुन्हा... निनियन नुसता पेले धूत होता.

बुधवारी आणखी सात माणसं सल्ला घेऊन आली. त्यातले दोघे तर बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या शेतावरून आले. त्यांच्याकडं सल्लाही नव्हता. वाटेत ठरवू म्हणून निघालेले, ते गप्पांत राहून गेलं.

संध्याकाळी निनियननं बाटली खिडकीत धरली. निम्म्याच्या खाली. त्यानं पट्टी आणून मोजलं, कागदावर आकडे मांडले, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. या वेगानं शुक्रवारी दुपारी बाटली कोरडी होत होती. हेक्टर शनिवारी दुपारी उतरत होता.

"नाही म्हण," एफी म्हणाली.

"कुणाला?"

"येईल त्याला."

"एफी, मी कुणाला नाही म्हटल्याचं तुला आठवतं?"

एफीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "माझ्या आईला एकदा. पण तिला ऐकू आलं नव्हतं."

आकडे मांडायची निनियनला आवड होती. कार्नाव्हेगच्या वखारीत अठरा वर्षं त्यानं हेच केलं. पिंपात व्हिस्की मुरत असताना दर वर्षी थोडी उडून जाते. त्या उडून गेलेल्या मालाला भट्टीवाले देवदूतांचा वाटा म्हणतात. कार्नाव्हेगचे देवदूत जरा जास्तच पीत. इतर भट्ट्यांपेक्षा वर्षाला दोनशे चौतीस गॅलन जास्त. असं का, यावर निनियननं १९७९ साली चौदा पानांचा निबंध लिहिला आणि तो स्थानिक इतिहास मंडळात वाचला. त्याच्या हातून छापलं गेलेलं तेवढं एकच. पश्चिमेचा वारा छपराच्या फटींतून शिरतो आणि बाष्पीभवन वाढवतो, असा त्याचा सिद्धान्त. नवव्या पानावर त्यानं असंही नमूद केलं होतं, की भट्टीला सुट्टी लागली की वारा वाहत असूनही हे जादा बाष्पीभवन थांबतं, आणि याला अधिक संशोधनाची गरज आहे. निबंध वाचताना सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मोठा हेक्टर धरून वखारीचे चौदाही कामगार पहिल्या रांगेत होते. माना खाली घालून, श्वास रोखून ऐकत होते. वाईट दिवसांत निनियनला अजून त्या संध्याकाळचा आधार वाटे.

त्या कामगारांसाठी त्यानं आणखी एक केलं होतं. वखारीतल्या दमट हवेमुळं बिचाऱ्यांना डाव्या पायाचा संधिवात जडला होता. संध्याकाळी घरी जाताना सगळे डावा पाय ताठ ठेवून चालत. निनियननं कंपनीला चार पत्रं लिहून त्यांना लोकरीचे लांब मोजे मिळवून दिले होते.

तर बुधवारी संध्याकाळी त्याला युक्ती सुचली. जुन्या भट्टीच्या एका खोलीत आता बेटाचं संग्रहालय होतं. तिथल्या काचेच्या कपाटात बाटली ठेवली, की ती वस्तू झाली. वस्तूचा घोट कुणी मागत नाही.

गुरुवारी सकाळीच तो तिथं गेला. संग्रहालय सांभाळणाऱ्या मिस पेट्री एडिनबरोहून आलेल्या, नीटनेटक्या आणि फार उत्साही.

"मिस्टर गिलख्रिस्ट, किती छान! फक्त हा तात्पुरत्या ठेवीचा अर्ज भरा. वस्तूचं वर्णन, वय, मोजमाप. आणि इथं, बंद की उघडी?"

"उघडी," निनियन म्हणाला. खोटं बोलणं त्याला कागदावर तर मुळीच जमत नसे.

मिस पेट्रींचा चेहरा पडला. त्यांनी मुख्य भूमीवरच्या कार्यालयात फोन लावला आणि फोन निनियनच्या हातात दिला.

"बंद बाटली म्हणजे प्रदर्शन," तिकडचा माणूस म्हणाला. "उघडी बाटली म्हणजे मद्यविक्रीची जागा. त्याला परवाना लागतो."

"पण विकायची नाहीये."

"तर मग फुकट वाटप. त्याला वेगळा परवाना."

"वाटप थांबवण्यासाठीच तर ठेवतोय हो!"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "असं करा," माणूस जरा माणुसकीनं म्हणाला, "ती परत बंद करून घ्या. जाणकार माणसाकडून लाखेची मोहर, आणि आत काय आहे, किती आहे, याचा दाखला."

बेटावर जाणकार माणूस एकच होता. क्रॉम्बीसाहेब, निवृत्त अबकारी अधिकारी. कार्नाव्हेगच्या वखारीला दोन कुलपं असत, एकाची किल्ली निनियनकडं, दुसऱ्याची सरकारतर्फे क्रॉम्बीसाहेबांकडं. दोघं असल्याशिवाय दार उघडत नसे. पिंपं हलवायचं काम चाले तेव्हा निनियन दारातल्या उलट्या पिंपावर बसून पुस्तक वाची आणि क्रॉम्बीसाहेब पाठीमागं हात बांधून समुद्राकडं बघत उभे राहत. इतका सरळ माणूस निनियननं दुसरा पाहिला नव्हता.

दुपारी क्रॉम्बीसाहेब कोट घालून, टाय बांधून आले. लाख, मेणबत्ती आणि जुनी मोहर पेटीत होती.

"आत काय आहे याचा दाखला द्यायचा," ते म्हणाले, "म्हणजे मला आत काय आहे ते ठाऊक असलं पाहिजे. अंदाजानं सही करणं माझ्या स्वभावात नाही."

त्यांनी एक पेला वासासाठी घेतला, एक चवीसाठी, आणि एक पाणी घालून. मग डोळे पुसून दाखल्यावर सही केली, लाख ओतली, मोहर उठवली. मोहर उठवल्यावर बाटली बंद झाली होती, म्हणून दाराचा घोट मागितला नाही. असा नियमाचा माणूस.

शुक्रवारी सकाळी मिस पेट्रींनी अर्ज आणि दाखला शेजारी शेजारी ठेवून पाहिला आणि त्या कासावीस झाल्या.

"अर्जात तुम्ही बाटलीतला माल लिहिलाय तो दाखल्यातल्यापेक्षा जास्त आहे. कार्यालय हे घेणारच नाही."

"मधल्या काळात दाखला झाला," निनियननं समजावलं.

"मग नवा अर्ज करावा लागेल. आणि नव्या अर्जाला..."

"नवा दाखला," निनियन म्हणाला. "म्हणजे मोहर तोडून."

"हो ना."

निनियननं मनात हिशेब केला. प्रत्येक अर्जाला एक दाखला, प्रत्येक दाखल्याला तीन पेले, आणि प्रत्येक वेळी अर्ज चुकीचा. ही मालिका शून्याशी जाऊन थांबत होती. त्यानं बाटली बगलेत मारली आणि आभार मानून तो निघाला. वाटेत धक्क्याशी डुगल्डनं लाखेची मोहर बघायला मागितली. कौतुकानं बघता बघता त्याच्या हातून बाटलीची मान गार दगडावर आपटली. बाटली वाचली. मोहर तडकली, बूच हललं, आणि उघडी बाटली ती उघडीच. धक्क्यावर त्या वेळी पाच माणसं होती, आणि धक्का म्हणजे सगळ्या गावाचंच घर.

निनियन घरी आला तेव्हा बाटलीत एक पेला उरला होता. बरोबर एक. त्यानं बाटली फडताळात ठेवली, दारासमोर खुर्ची मांडली, आणि पुस्तक घेऊन पहाऱ्यावर बसला. एफीनं येऊन पुस्तक काढून घेतलं.

"हे नको," ती म्हणाली. "तू वाचत बसलास की तुझ्यासमोरून हत्ती गेला तरी कळत नाही."

तिच्या बोलण्यात काहीतरी होतं असं त्याला वाटलं, पण काय ते कळलं नाही.

शनिवारी दुपारी सगळं गाव धक्क्यावर. प्रत्येकाच्या हातात काही ना काही झाकलेलं, कारण प्रत्येकाला आपण हेक्टरची व्हिस्की प्यायलो हे एव्हाना उमगलं होतं. बोट लागली. मोठा हेक्टर मुलीच्या खांद्याला धरून फळीवरून उतरला. अजूनही तसाच उंच, पण कोट अंगावर लोंबत होता. आणि डावा पाय ताठ ठेवून चालत होता.

निनियनचा जीव कळवळला. "संधिवात अजून गेला नाही तुमचा?"

हेक्टरनं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलले. "आज जरा उचल खाल्लीय," तो म्हणाला.

टेबलाभोवती हेक्टर, त्याची मुलगी, एफी, डुगल्ड, बेथूनबाई आणि क्रॉम्बीसाहेब बसले. मध्ये ओटच्या कडक चकत्या, धुरी दिलेली हेरिंग मासळी आणि एफीनं फडक्यात बांधून उकडलेलं गोड पुडिंग. निनियननं बाटली आणून ठेवली. सकाळपासून पाठ केलेलं वाक्य त्याला आठवेना.

"हेक्टर," तो म्हणाला, "मी तुम्हाला खात्री बाळगावी असं लिहिलं. ते मी लिहायला नको होतं. एवढीच उरलीय. मी आडवी ठेवली होती, तिथून सुरुवात झाली. बाकीची... मला नाही म्हणता आलं नाही."

सगळे आपापल्या बशीत बघू लागले.

"दोष माझा," डुगल्ड म्हणाला. "मी पहिल्यांदा आलो."

"दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही," बेथूनबाई म्हणाल्या.

"तुम्ही गाळणी घेऊन किती वेळ होतात, तेही सांगा की!"

"गप्प बसा," हेक्टर म्हणाला. त्यानं बाटली नाकाशी धरली. बराच वेळ. "बासष्टचा ऑक्टोबर," तो पुटपुटला. "त्या आठवड्यात थंडी फार होती. मी भट्टीसमोर पाय शेकत बसायचो." मग त्यानं मान वर केली. "निनियन, तुला कशी लागली?"

"मला?"

"चव कशी आहे?"

निनियन गोंधळला. "मी घेतली नाही. पेले भरायचे होते सगळ्यांचे. ते... राहूनच गेलं."

आता मात्र कुणी बशीतही बघेना. बेथूनबाईंनी रुमाल काढला.

हेक्टर खुर्चीत मागं रेलला, पॅन्टच्या कमरेतून हात आत घातला आणि डाव्या पायावरून हातभर लांबीची तांब्याची नळी ओढून काढली. एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला जुन्या नाण्याचा तुकडा जोडलेला. नळी टेबलावर ठेवताच त्याचा संधिवात बरा झाला. त्यानं पाय दुमडला.

"हे काय?" निनियननं विचारलं.

"याला आम्ही कुत्रा म्हणायचो. मालकाच्या मागं मागं घरी येतो म्हणून. शेवटच्या दिवशी याच पिंपातली भरून नेली होती. तिकडं काचेच्या बाटलीत ठेवली, उभी." त्यानं 'उभी' जरा ठासून म्हटलं. "आज बोटीवर परत हिच्यात भरली. जशी नेली तशीच परत करावी म्हणून. सांगायचं होतं ते हेच, निनियन. तुझा पश्चिमेचा वारा आम्ही होतो. वखारीतले चौदाही जण."

निनियन नळीकडं बघत राहिला. "सगळ्यांचे डावे पाय..."

"हो."

"मोजे?"

"मोज्यांचे तर फार उपकार झाले. त्याआधी नळी घसरायची. लोकरीत घट्ट बसते."

"आणि मी निबंध वाचला तेव्हा?"

"मी गाल आतून चावून धरला होता. रक्त आलं," हेक्टर म्हणाला. "तुला हसायला नाही रे. म्हणजे हसू आवरायलाच. पण नंतर घरी जाताना कुणी बोललं नाही. तू आमच्या चोरीचं शास्त्र केलं होतंस. तुझ्या नजरेसमोर चोरी करणं सोपं होतं, म्हणून ते फार जड गेलं."

निनियननं एफीकडं पाहिलं.

"माझा भाऊ चौदांत होता," एफी म्हणाली. "आपल्या लग्नातली व्हिस्की कुठून आली असं वाटलं तुला?"

"कंपनीनं दिली, असं तू म्हणालीस."

"कंपनीतून आली, असं म्हणाले मी."

निनियन उठला आणि शेजारच्या खोलीत गेला. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. निबंधाची पानं चौदा आणि नळीवाली माणसंही चौदा, याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण ते आठवून डुगल्डला फार वाईट वाटलं.

निनियन परत आला तेव्हा त्याच्या हातात निबंध, पेन आणि एक वापरलेला लिफाफा होता. कान लाल झाले होते. तो बसला, लिफाफा उलटा केला.

"नळीत किती मावते?"

"अर्धा पाइंट," हेक्टर म्हणाला.

"रोज?"

"कामाच्या दिवशी. सुट्टीत वखार बंद."

"पान नऊ," निनियन पुटपुटला. "सुट्टीत का थांबतं ते मला कधी कळलंच नव्हतं. वर्षाला अडीचशे दिवस धरू. चौदा माणसं." पेन झरझर चालू लागलं. आठ पाइंटांचा एक गॅलन. "दोनशे एकोणीस. जवळजवळ."

चेहऱ्यावर एक प्रकाश येऊ लागला होता, तो अर्ध्यावर थांबला.

"जमत नाही," तो म्हणाला. "माझा आकडा दोनशे चौतीस आहे. पंधरा गॅलन कमी पडतात."

"एवढ्यातेवढ्यानं काय होतं?" डुगल्ड म्हणाला.

"पंधरा गॅलन म्हणजे अर्ध्या पाइंटानं वर्षाला बरोबर एक माणूस," निनियन म्हणाला. "हेक्टर, तुम्ही चौदा होतात की पंधरा?"

"चौदा. देवाशपथ."

"मग माझा आकडा चुकलाय." निनियनचे खांदे उतरले. त्याला चोरीचं इतकं वाटलं नव्हतं. पण बेरीज त्याची होती, अठरा वर्षं तपासलेली.

खोकल्याचा आवाज आला. क्रॉम्बीसाहेब टाय सैल करत होते. तो त्यांनी कुणाच्या देखत कधी सैल केला नव्हता.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. ते समुद्राच्या दिशेला, म्हणजे खिडकीकडं, बघू लागले.

"कुलपं दोन होती, निनियन. मी पाठ करून उभा राहायचो, ते फुकट नव्हतं."

एफी हसायला लागली. मग बेथूनबाई, मग हेक्टर, खोकला येईपर्यंत. निनियन हसला नाही. तो निबंधाचं नववं पान उघडून 'अधिक संशोधनाची गरज आहे' या ओळीवर सरळ रेघ मारत होता आणि तिच्या वर, पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्याच अक्षरात, नावं लिहीत होता. चौदा लिहून झाल्यावर त्यानं पेन थांबवलं. कारकुनाच्या आवाजात, फार आदरानं विचारलं,

"क्रॉम्बीसाहेब, नोंदीसाठी. डावा पाय की उजवा?"

"उजवा," क्रॉम्बीसाहेब म्हणाले. "मी सरकारी माणूस होतो. कामगारांबरोबर लंगडणं बरं दिसलं नसतं."

मग हेक्टरनं बाटलीतला हक्काचा घोट आपल्या पेल्यात ओतला, नळीतला चोरीचा निनियनच्या, आणि दोघांनी एकदमच घेतला. निनियननं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"काय?" डुगल्डनं विचारलं.

"पहिल्या घोटात कळत नाही," निनियन म्हणाला, आणि त्यानं पेला पुढं केला.